पॅरिशची पेटी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टन गावाबद्दल लिहिलं होतं. बाकी इंग्लंडात शेतांना कुंपणं पडून जमाना झाला, इथं मात्र तीन मोठ्या उघड्या शिवारांत पट्ट्यापट्ट्यांनी शेती करायची रीत अजून चालू आहे. लेख शेतीवर होता, पण टपाल आलं ते सगळं घराण्यांच्या शोधाचं. कुणाचा जावई इंग्रज, कुणाच्या गावात गोऱ्या साहेबाचं थडगं, कुणाला नुसतीच हौस.

आधीच सांगते, मी इतिहासकार नव्हे. एकोणतीस वर्षं इथं इंग्लंडात नर्स होते आणि निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले दोन दिवस नॉटिंगहॅमच्या दफ्तरखान्यात बिनपगारी राबते. वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं घरात बघतच मोठी झाले, त्यामुळं कागदाची धूळ मला परकी वाटत नाही.

लेस्टरहून एक आजी विचारतात : जावई इंग्रज आहे. नातीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितलाय. माझ्या बाजूच्या सात पिढ्या कुळवृत्तांतातून मिळाल्या. जावयाला मात्र ‘पणजोबांचे वडील नॉटिंगहॅमशायरमधल्या कुठल्याशा खेड्यात शेतमजूर होते’ यापलीकडं माहिती नाही. त्याच्या आत्याकडं आडनावाचं कुलचिन्ह असलेली फ्रेम आहे. कुठून सुरुवात करू?

आजी, ती फ्रेम भिंतीवरच राहू द्या. इंग्लंडात कुलचिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना लागू होतं, ते आडनावाला मिळत नसतं. जत्रेत आणि दुकानांत आडनाव सांगितलं की ढाल-सिंह छापून देतात, त्यातलीच ही असणार.

सुरुवात आत्याबाईंपासून करा. चहाला बोलवा, जुने फोटो पुढ्यात ठेवा आणि त्या बोलत असताना लिहून घ्या. मग एकेक पिढी मागं जायचं. मधली पायरी गाळून उडी मारायची नाही. खानेसुमारी दर दहा वर्षांनी होते आणि शंभर वर्षांनी खुली होते. १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. पुढची हाती लागेल असं धरून बसू नका, कारण १९३१ चे कागद १९४२ च्या आगीत जळाले आणि १९४१ ला युद्धामुळं गणना झालीच नाही. ती पोकळी युद्धाच्या आरंभी घरोघर केलेल्या १९३९ च्या रजिस्टरनं थोडी भरते. १९२१ पासून मागं १९११, १९०१ असं करत १८५१ पर्यंत या. १८५१ महत्त्वाची, कारण माणूस कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीत, जन्मला हे त्या साली पहिल्यांदा विचारलं. १८४१ मध्ये एवढंच विचारलं होतं की जन्म याच काउंटीतला (जिल्ह्यातला) आहे का. शिवाय पंधराच्या वरच्यांची वयं खालच्या पाचावर आणायची होती, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या चाळीसचा दिसणार. ते वय खरं धरून जन्म शोधाल तर चार वर्षांनी चुकाल.

जोडीला सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, १ जुलै १८३७ पासूनच्या. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत जन्मापुढं आईचं माहेरचं आडनाव मिळतं. एकाच नावाची पाच मुलं समोर आली तर आपलं कुठलं, ते त्या माहेराच्या नावावरून ओळखता येतं. सुरुवातीच्या वर्षांतला जन्म सापडला नाही तरी घाबरू नका. नोंद न केल्याबद्दल आईबापांना दंडाचा धाक बसला तो १८७४ च्या कायद्यानं. तोवर बरीच मुलं नुसत्या बाप्तिस्म्यावर भागली.

आता खेड्याचं. पॅरिश म्हणजे खेडं नव्हे, ही गाठ आधी मारून ठेवा. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, आणि आपल्या गावाला वाड्या असतात तशा तिच्यात वस्त्या असतात. लॅक्स्टन पॅरिशमध्ये मूरहाउस नावाची वाडी आहे. तिथं जन्मलेला माणूस एका खानेसुमारीत ‘लॅक्स्टन’ सांगेल, दुसऱ्या खेपेला ‘मूरहाउस’. शहरात राहायला गेला की ‘टक्सफर्डजवळ’ म्हणेल, कारण लंडनच्या कारकुनाला मूरहाउस कोण समजावत बसणार? आपणही मुंबईत ‘गाव कुठलं?’ विचारल्यावर ‘साताऱ्याकडचं’ म्हणून मोकळे होतो. म्हणून आडनावाच्या मागं धावण्याआधी पॅरिशचा नकाशा घ्या, हद्द बघा, शेजारच्या पाच-सहा पॅरिशांची नावं लिहून ठेवा. शेतमजूर लग्नाला आणि कामाला चालत जाण्याइतक्या अंतरातच फिरायचे. नाव हाती लागत नसेल तर बहुतेक वेळा ते शेजारच्या पॅरिशात बसलेलं असतं.

१८३७ च्या मागं चर्चची रजिस्टरं. टॉमस क्रॉमवेलनं १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवावीत. सगळ्या पॅरिशांची रजिस्टरं तितकी जुनी उरलेली नाहीत. १८१३ पासून छापील रकाने आले, बाप्तिस्म्याला बापाचा धंदा आणि राहण्याची जागा, दफनाला वय. त्याआधी पाळकाच्या मर्जीवर सगळं. एखादा ‘जॉनचा मुलगा जॉन’ एवढंच लिहून पेन ठेवून देतो, आईचं नावही घालत नाही. रजिस्टर उंदरांनी खाल्लं असेल तर बिशपकडच्या नकला विचारा. १५९८ पासून दर वर्षीच्या नोंदींची एक प्रत त्याच्याकडं पाठवायची होती. फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. मात्र तिथली नावं कुणीतरी वाचून टंकलेली असतात. शेवटी मूळ पान डोळ्यांनी बघायचंच.

त्यांचाच दुसरा प्रश्न : शेतमजुरासारख्या गरीब माणसाचं नावापलीकडं काय मिळणार? कागद जमीनदारांचेच असणार ना?

मलाही असंच वाटायचं. पण खाऊनपिऊन सुखी, कुणाचं देणं ना घेणं, असा मधला शेतकरी असेल तर रजिस्टरात तीन ओळी सोडून त्याचं काही सापडत नाही. गरीब मात्र सापडतो, कारण त्याच्यावर पैसा खर्च व्हायचा होता.

१६०१ च्या कायद्यानं गरिबांना पोसायचा भार पॅरिशवर आला. त्यासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसायची आणि ओव्हरसीअर ती गोळा करून वाटायचा. १६६२ च्या कायद्यानं ठरलं की ज्याचा ‘वस्तीचा हक्क’ ज्या पॅरिशचा, त्यानंच त्याला पोसावं. बाहेरचा कुणी आपल्याकडं आजारी पडला की गावाच्या पोटात गोळा यायचा. मग त्याला दोन न्यायाधीशांपुढं उभं करून जबानी घेत. जन्म कुठला, कुणाकडं सालानं राहिलास, किती पगारावर, लग्न कुठं झालं, पोरं किती? बाप्तिस्म्याच्या ओळीत जे कधीच मिळत नाही ते सगळं या जबानीत असतं, आणि खाली अंगठ्याऐवजी फुली.

पूर्ण एक वर्ष चाकरी केली तर नव्या पॅरिशचा हक्क मिळे. त्यामुळं काही ठिकाणी मालक वर्ष पुरं व्हायला थोडे दिवस असतानाच गड्याला सोडत. वाचताना मला आमच्याकडची ती कुळं आठवली, ज्यांचं नाव कसणाऱ्याच्या रकान्यात लागू नये म्हणून मालक दर साली वेगळं शेत कसायला द्यायचे. वडील अशा माणसांबद्दल जेवताना हळू आवाजात बोलायचे.

एक कागद माझ्या हातून गेला तो सांगते. अठराव्या शतकातला रवानगीचा हुकूम, म्हणजे बाहेरच्याला त्याच्या हक्काच्या पॅरिशकडं परत पाठवायचा कागद, अर्धा छापील, अर्धा हातानं भरलेला. बाई, दोन लेकरं, नवरा नाही. मुलांची वयं ‘सुमारे चार’ आणि ‘सुमारे दीड’. छापील मजकूर असा की ही बाई पॅरिशच्या गळ्यात पडण्याचा संभव आहे. ‘पडली’ नव्हे, नुसता ‘संभव’. त्या संभवावर तिला थंडीत शेजारच्या काउंटीत पोचवलं. मागच्या बाजूला ओव्हरसीअरनं हिशेब मांडलाय, गाडीभाडं, भाकरी, बिअर. तिला स्वतःची म्हणून तेवढीच नोंद. घराण्याच्या शोधात असलं काही सापडलं की त्या दिवशी मी पुढं काही वाचत नाही.

हे कागद ‘पॅरिशची पेटी’ या नावानं मागा. पूर्वी खरोखरच चर्चमध्ये जाड लाकडी पेटी असायची, तिला तीन कुलपं. एक किल्ली पाळकाकडं आणि दोन चर्चची व्यवस्था बघणाऱ्या दोघा चर्चवॉर्डनांकडं, म्हणजे तिघं जमल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांना ही युक्ती कळवावीशी वाटते. १८३४ नंतर गरिबांचा कारभार पॅरिशकडून अनेक पॅरिशांच्या मिळून केलेल्या युनियनकडं आणि वर्कहाऊसकडं, म्हणजे गरिबांना ठेवून काम करायला लावायच्या घराकडं, गेला, मग कागदही तिकडंच बघायचे. लॅक्स्टनहून फार लांब नाही ते साउथवेलचं वर्कहाऊस, १८२४ सालचं. आता ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडं आहे. आजी, नातीला घेऊन जा.

पुण्याहून एक निवृत्त गृहस्थ : मी मोडी शिकलो आहे, पेशवे दफ्तरातले रुमाल वाचतो. जुनी इंग्रजी लिपी मला जमेल का? आणि तुमच्याकडं आपल्या त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांसारखं काही आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. त्र्यंबकला माणूस स्वतः जाऊन ‘हा माझा बाप, हा आजा’ असं सांगतो, सही करतो, आणि घराणं सलग एका जागी मिळतं. इथं कुणी घराणं असं लिहीत बसलं नाही. प्रसंग लिहिले, आणि दोन प्रसंगांतला माणूस एकच हे आपण सिद्ध करायचं. एका पॅरिशमध्ये चार जॉन, त्यातल्या तिघांच्या बायका मेरी, असं सर्रास असतं. अशा वेळी प्रत्येक जॉनचं दफन शोधा. जो तीन वर्षांचा असताना गेला त्यानं पंचविसाव्या वर्षी लग्न केलं नसणार. ही साधी तपासणी न करता लोक आपलं झाड मेलेल्या पोरावर चढवतात.

लिपी तुम्हाला जमेल, आणि माझ्यापेक्षा लवकर. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या त्या वळणाला सेक्रेटरी हँड म्हणतात. मोडीसारखंच हात न उचलता लिहिलेलं, शब्द मध्येच तोडून वर रेघ मारलेली. ‘ई’ उलटा फिरतो, ‘एच’ ओळीखाली शेपूट सोडतो, ‘सी’ आपल्याला ‘आर’ वाटतो, आणि आडनावाच्या आरंभी दोन छोटे ‘एफ’ दिसले की तो एकच मोठा ‘एफ’ समजायचा. लॅटिन आलं तर गुलिएल्मस म्हणजे विल्यम, याकोबस म्हणजे जेम्स. कोर्टकचेरीचे कागद १७३३ पर्यंत बहुतेक लॅटिनमध्येच आहेत, पण साचा ठरलेला असतो. ‘राजश्री... गोसावी यांसी’ वाचायला तुम्ही थांबत नाही, तसंच.

लिपीपेक्षा तारखा जपा. मी यात तोंडावर आपटलेय. एका रजिस्टरात मुलाचा बाप्तिस्मा जून १७०२ चा होता आणि दफन फेब्रुवारी १७०२ चं. जन्मायच्या आधी मेला? कारकुनाची चूक धरून मी शेऱ्यात तसं लिहूनही टाकलं. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, “वर्ष कधी सुरू होतं?” १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. जून १७०२ नंतर डिसेंबर आला, जानेवारी आला, फेब्रुवारी आला, आणि सगळे १७०२ चेच. पोर आठ महिन्यांचं होऊन गेलं होतं. शके मोजणाऱ्या घरातली मी, माघ-फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतात हे लहानपणापासून ठाऊक, तरी इथं अक्कल चालली नाही. तुम्ही सुहूर सन, फसली आणि शके एकाच कागदावर सांभाळता, तुमचं असं होणार नाही. असे महिने ‘फेब्रुवारी १७०२/३’ असे दोन्ही वर्षं घालून टिपायचे.

सरावासाठी मृत्युपत्रं घ्या. नॉटिंगहॅमशायर जुन्या काळी यॉर्कच्या आर्चबिशपच्या हद्दीत होतं, म्हणून १८५८ पूर्वीची पुष्कळशी मृत्युपत्रं यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. काहींबरोबर घरातल्या चीजवस्तूंची यादी असते, गादी, तवे, कोठीतले ओट्स, गाभण गाय. तुम्हाला ते घरातल्यासारखं वाटेल.

नाशिकहून : सातबाऱ्यासारखं काही तिथं आहे का?

आहे, आणि वडिलांना ते दाखवायचं राहून गेलं याची मला चुटपुट आहे. चर्चला उत्पन्नाचा दहावा हिस्सा धान्यानं किंवा वासरा-कोकरांनी द्यायचा, त्याला टाइद म्हणत. १८३६ च्या कायद्यानं त्याचे रोख पैसे ठरवायचं झालं, म्हणून पॅरिशांचे नकाशे काढले. नकाशात प्रत्येक शेताला नंबर आणि सोबतच्या तक्त्यात त्या नंबरापुढं मालक, कसणारा, शेताचं नाव, जिरायत की कुरण, आणि क्षेत्र. मालक एक, कूळ दुसरं, क्षेत्र वेगळ्या रकान्यात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तलाठ्याच्या टेबलाशी उभी आहे असंच वाटलं. क्षेत्र एकर, रूड आणि पर्च यांत असतं. चाळीस पर्चचा रूड आणि चार रूडचा एकर.

पण सगळ्या पॅरिशांना टाइदचा नकाशा नाही. मिडलंड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, बऱ्याच ठिकाणी आधी शेतांना कुंपणं घालताना टाइदचा निकालही लावून टाकला होता. तिथं कुंपणाचा निवाडा आणि त्याचा नकाशा मागायचा. लॅक्स्टनचं तर भाग्यच वेगळं. मार्क पिअर्सनं १६३५ मध्ये काढलेला नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे आणि त्यात शेतांबरोबर नांगरणारी माणसंही काढली आहेत. नंतरच्या जमीनदारांचे, मॅनव्हर्स घराण्याचे, कागद नॉटिंगहॅम विद्यापीठात आहेत. गावचं जुनं जमीनदारी न्यायालय, कोर्ट लीट, अजून भरतं. नोव्हेंबरअखेरीस पंच गव्हाचं शिवार फिरून बघतात आणि शेजाऱ्याचा बांध कोरला असेल त्याला दंड सांगतात. बांध कोरणं काही आपल्याकडचंच नाही.

दापोलीहून एक शिक्षक : कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत एका इंग्रज शिपायाचं थडगं आहे. नाव अर्धं वाचता येतं, वर्ष १८३ च्या पुढं फुटलंय. त्याचं इंग्लंडातलं गाव शोधता येईल का?

गुरुजी, आधी दगड. तारेचा ब्रश, ॲसिड, खडू, काही लावू नका. सकाळचं तिरपं ऊन पडेल तेव्हा जा, नाहीतर संध्याकाळी मोबाइलचा दिवा दगडाच्या कडेनं आडवा धरा. जी अक्षरं दुपारी दिसत नाहीत ती सावलीनं उठतात. मुलांना न्या, त्यांचे डोळे तरुण.

मग कागद. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालेल्या दफनांच्या नकला लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दफ्तरात एन/३ या खुणेखाली आहेत. फिबिस नावाची संस्था अशा नावांची सूची फुकट बघू देते. तिथं नाव, हुद्दा, तारीख मिळेल. गाव मिळायचं नाही. गावासाठी तो कंपनीचा शिपाई की राजाचा, हे ठरवा. कंपनीचा असेल तर जहाजावर चढवताना केलेल्या याद्यांत वय, धंदा आणि जन्मस्थान असतं, त्या याद्याही त्याच दफ्तरात. राजाच्या फौजेतला असेल तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये निवृत्तांचे कागद आहेत. त्यात ‘अमुक पॅरिशमध्ये, तमुक शहराजवळ, अमक्या काउंटीत जन्म’ असं सरळ लिहिलेलं. पण ते पेन्शन घेऊन सुटलेल्यांचे. तुमचा नोकरीत असतानाच गेला असेल तर तिथं सापडायचा नाही, मग पलटणीच्या हजेरी-पगाराच्या याद्या चाळायला लागतील. पॅरिश मिळालं की मला कळवा, इथला बाप्तिस्मा मी शोधून देते.

एक वाचक, लंडन : थेट चर्चमध्ये जाऊन रजिस्टर बघता येईल?

बहुतेक नाही. १९७८ च्या नियमानं शंभर वर्षांवरची रजिस्टरं काउंटीच्या दफ्तरखान्यात जमा करायची आहेत, बिशपची खास परवानगी असेल तेवढी सोडून. चर्चमध्ये थडगी बघायला जरूर जा. पाळकाला आधी कळवून गेलात तर बरं, रविवारी सकाळी त्याला तुमच्या पणजोबांत रस नसतो.

आणि बर्मिंगहॅमहून अकरा वर्षांची एक मुलगी, मराठीत, स्वतःच्या हातानं : आजी, लग्नाच्या पानावर सगळे फुली का मारतात? त्यांना स्वतःचं नाव पण येत नव्हतं?

बाळा, पत्रात ‘ळ’ छान काढलायस. १७५४ पासून कायद्यानं नवरा, नवरी आणि साक्षीदार सगळ्यांनी पानावर सही करायची ठरलं. ज्याला लिहिता येत नसे तो फुली मारी आणि बाजूला पाळक लिहायचा की ही अमक्याची खूण. काही वेळा नवरीला लिहिता येत असूनही नवऱ्यानं फुली मारली म्हणून तीही फुली मारी, असं सांगतात. सगळ्या फुल्या सारख्या नसतात बरं का. कुणाची क्रूसासारखी सरळ, कुणाची पडलेली. एका पानावर नवरीनं इतका जोर दिलाय की टोक कागदात रुतून शाईचा ठिपका सांडलाय आणि तो पुढच्या पानावरही उमटलाय. सुट्टीत नॉटिंगहॅमला आलीस तर तसली पानं आपण मिळून बघू. येताना पेन्सिल आण. पेन दारातच काढून घेतात.